हवेचं यंत्र निवडायला मी गेलो

लोणावळ्याच्या रेल्वेशेडमध्ये मी फिटर होतो तेव्हाची ही गोष्ट. दुसरं महायुद्ध अजून सुरू झालं नव्हतं. घाटात विजेची इंजिनं येऊन काही वर्षं झाली होती आणि आम्ही शेडमधली माणसं गावात जरा छाती काढूनच चालत होतो. त्या इंजिनाच्या टपावर एक सांगाडा असतो. तो उभा राहून वरच्या तारेला टेकला की इंजिनात वीज येते. हा सांगाडा दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर वर उचलला जातो. ती हवा भरणारं यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर, आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती. आंदर मावळातल्या भातखाचरांतून आलेला मी. घरात माझ्याआधी कुणी पाना हातात धरला नव्हता. त्यामुळं हवा म्हणजे काय ते लोणावळ्यात एकट्या मलाच कळतं, असं मला मनापासून वाटायचं.

बाजारपेठेच्या मागं एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बाई विधवा, चाळिशी ओलांडलेल्या, आणि स्वतः मोटार चालवायच्या. तेव्हा मावळात बाईमाणूस मोटार चालवतंय हे बघायला लोक नांगर थांबवायचे. माझ्या आईच्या छातीचं दुखणं बाईंनीच बरं केलं होतं. आई त्यांचं नाव घेताना हात जोडायची. बाई मला ‘अरे’ म्हणायच्या, आणि काही बिघडलं की, मग तो दिवा असो की नळ, आधी मला बोलावायच्या. त्याचाही मला मोठा अभिमान होता.

त्यांची मोटार जुनी होती. लोणावळ्याचा पाऊस चार महिने तिच्यावर पडायचा. मडगार्डांचे पापुद्रे निघाले होते, दारांखाली गंज धरला होता. त्या सालच्या पावसाळ्यात बाई म्हणाल्या, “अरे, हिला रंग द्यायला हवा. बाळंतपणाला जाते तर लोकांना वाटतं, डॉक्टरपेक्षा गाडीच आधी मरेल.”

रंगाचं काम गावात करायचे ते चाचा. आम्ही सगळेच त्यांना चाचा म्हणत असू. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी बेताची कातरलेली. टांगे, बग्ग्या, दुकानांच्या पाट्या, बंगल्यांची फाटकं, सगळं त्यांच्या कुंचल्याखालून गेलेलं. टांग्याच्या चाकावर पिवळी रेघ ओढताना चाक फिरवायचे आणि कुंचला स्थिर धरायचे. रेघ जिथं सुरू झाली तिथंच येऊन मिळायची. बाईंनी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “रंगवतो की. पन महिना लागंल. एक हात दिला की वाळू द्यायचा, घासायचा, मंग दुसरा हात. घाई केली तर चकाकी येनार न्हाई.”

महिनाभर गाडी उभी ठेवणं बाईंना शक्य नव्हतं. आणि रंगासाठी पुण्याला नेऊन ठेवायची तर तेवढे दिवस त्या आडगावांत जाणार कशा? मी तिथंच उभा होतो. म्हणालो, “बाई, नवा रंग फवारून देतात हल्ली. तासाभरात वाळतो. एक कॉम्प्रेसर आणि फवारणीची बंदूक घ्या. गाडी तुमच्या छपरीतच चार दिवसांत रंगवून देतो. नंतर टायरात हवा भरायला यंत्र तुमच्याकडं राहीलच.”

बाईंनी चाचांकडं बघितलं. चाचा म्हणाले, “फवारून हुतं की. बंदूक मी चालवीन. यंत्र मातुर नीट बगून घ्यायला पायजे.”

‘बंदूक मी चालवीन’ हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला ते म्हाताऱ्याची बढाई वाटली. त्यांना ती कशी चालवता येते, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुण्याला आम्ही तिघं बाईंच्या गाडीतूनच गेलो. बाई चालवत होत्या, मी पुढं, चाचा मागं. भवानी पेठेच्या बाजूला जुन्या-नव्या यंत्रांचं एक दुकान होतं. दुकानदारानं दोन कॉम्प्रेसर दाखवले. एक जुना, पट्ट्यावर चालणारा, खाली पिंपाएवढी लोखंडी टाकी. टाकीच्या बुडाशी पाणी सोडायची तोटी, आणि हवेच्या नळीच्या वाटेवर पाणी अडवणारी एक काचेची वाटी. चार माणसांशिवाय हलणार नाही असं धूड, आणि वर सगळीकडं तेलाची पुटं चढलेली. दुसरा नवा, हिरव्या रंगाचा, मोटर अंगालाच जोडलेली, टाकी घागरीएवढी. त्याच्यावर दाबाचा काटा होता, पांढऱ्या तबकडीवर काळे आकडे. दुकानदारानं तो चालू करून दाखवला तर काटा बघता बघता चढला, आमच्या शेडमधल्या काट्यापेक्षाही पुढं गेला.

मी त्या काट्याकडंच बघत राहिलो.

चाचा खाली बसून जुन्या यंत्राची काचेची वाटी बोटानं पुसत होते. म्हणाले, “काटा कुटवर जातोय ते ऱ्हाऊ दे. बंदूक धरून ठिवली तर दम किती टिकतो, ते इचार त्येस्नी.”

“चाचा, हे कुंचल्याचं काम न्हाई,” मी म्हणालो. “दाब असला की समदं हुतं.”

“दाब येगळा, दम येगळा. दाब मानसाला राग आल्यावर बी येतो.”

दुकानदार हसला. मला वाटलं तो मलाच हसला. खरं तर चाचा म्हणत होते ते शंभर टक्के बरोबर होतं. रंग फवारायला फार दाब लागत नाही. हवा भरपूर आणि एकसारखी लागते, न थांबता. इंजिनाचा सांगाडा उचलायचा म्हणजे एकदा जोर दिला की झालं. गाडीचं दार रंगवायचं म्हणजे बंदूक सारखी श्वास मागत राहते. हे मला थोडा विचार केला असता तर कळलं असतं. पण समोर बाई होत्या, दुकानदार होता, आणि टांगे रंगवणारा एक म्हातारा मला माझ्याच विद्येतलं शिकवत होता.

बाईंनी विचारलं, “काय रे, कोणतं घेऊ?”

“हिरवं,” मी म्हणालो. “ते दुसरं भंगार आहे.”

चाचा उठले. हात धोतराला पुसले.  परतीच्या वाटेवर कामशेतजवळ बाईंना एवढंच म्हणाले, “दिवाळी हुंदे बाई. हवा कोरडी झाली की धरू काम.”

हेही मी मोडून काढलं. भाद्रपद चालू होता. रोज सकाळी धुकं डोंगरावरून उतरून अंगणात शिरायचं, कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते. पण मी शेडमधल्या पाचसहा जणांना सांगून बसलो होतो, की येत्या रविवारी या, गाडीला रंग कसा देतात ते बघा. रविवार पुढं ढकलणं मला नको होतं. बाईंना मी म्हणालो, “हा नवा रंग आहे. वाऱ्यासारखा वाळतो. याला पाऊसपाणी काही करत नाही.” माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

आधीचे तीन दिवस चाचांनी एकट्यानं खपून गाडी घासली. गंज खरवडला, खड्डे भरले, अस्तराचा हात दिला. काचांना कागद चिकटवले. छपरीची जमीन पाणी मारून बसवली, धूळ उडू नये म्हणून. मी शेडमधून सुटल्यावर यायचो आणि यंत्र थोडं चालवून वर फडकं मारायचो.

रविवारी सकाळी माझे दोस्त आले. बाई दवाखान्यात गेल्या होत्या. रंग बाईंनीच पसंत केला होता, पिकत आलेल्या करवंदाचा. चाचांनी तो पातळ केला, काठीवरून थेंब सोडून बघितला, बंदुकीच्या भांड्यात ओतला. मी यंत्र चालू केलं. काटा चढला. मी दोस्तांकडं बघितलं.

चाचांनी बंदूक हातात घेतली आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. मनगट न वाकवता, पत्र्यापासून वीतभर अंतर राखून, बॉनेटवर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले. टोक आलं की चाप सोडायचे, परत धरायचे. रंग रेशमासारखा बसत गेला. दोस्तांपैकी एकजण ‘वा!’ म्हणाला.

बॉनेट झालं आणि यंत्राचा दम गेला. काटा खाली आला, बंदूक खोकल्यासारखी खुरखुरली, पत्र्यावर बारीक गाठी उडाल्या. चाचा थांबले. आम्ही दाब भरायची वाट बघितली. दार निम्मं झालं, परत तेच. मोटर इतकी तापली की हात लावणं होईना. तिसऱ्या खेपेला बंदुकीतून रंगाबरोबर पाण्याचे थेंब पडले. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर बॉनेटवरचा तो करवंदी रंग पांढरट पडू लागला. आधी धुरासारखा, मग दुधाची साय धरावी तसा. कुठं पांढरा, कुठं लाल. कोड फुटल्यासारखी दिसू लागली गाडी.

चाचा हळूच म्हणाले, “थांबव. पानी येतंय हवेसंगं.”

तेवढ्यात बाई दवाखान्यातून आल्या. छपरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. “अगंबाई! काय झालं रे हे?”

सगळे माझ्याकडं बघत होते. पाचसहा दोस्त, बाई, चाचा. मला ते क्षणभराचं थांबणं अजून आठवतं. तेवढ्या वेळात मी खरं बोलू शकलो असतो. म्हणालो, “बाई, यंत्र ठीक आहे. चाचांचा हात थरथरतो. वय झालं त्यांचं. रंग एकसारखा बसला नाही.”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादी पाटी वाचावी तसं बघितलं. बंदूक त्यांच्या हातातच होती आणि तो हात खांबासारखा स्थिर होता. मग त्यांनी बंदुकीचे भाग सुटे केले, प्रत्येक भाग फडक्यानं पुसला, खोक्यात नीट लावून ठेवला. अंगावरचा रंगाचा सदरा काढून घडी घातली.

“येतो बाई,” म्हणाले आणि फाटकातून गेले.

दोस्त पांगले. बाई आत गेल्या. मी यंत्र आवरायला एकटा राहिलो. टाकीच्या बुडाशी एक पितळी बूच होतं. मी ते उघडलं. वाटीभर पाणी निघालं, तांबडं, गंजाचं.

आमच्या शेडमध्ये रोज सकाळी कामावर आल्यावर माझं पहिलं काम काय असायचं? इंजिनाच्या हवेच्या टाकीची तोटी उघडून रात्रीचं साठलेलं पाणी काढायचं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटं होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पावसाळ्यात तर घळाघळा निघायचं. रोज ज्या हातांनी मी ते काढायचो त्या हातांनी मी बाईंच्या यंत्राचं बूच तीन दिवसांत एकदाही उघडलं नव्हतं. आणि पाणी अडवणारी वाटी ज्या यंत्राला होती त्याला मी भंगार म्हटलं होतं.

ते पाणी मी गटारात ओतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

गाडी तशीच राहिली. दुसऱ्याच दिवशी बाईंना एका बाळंतिणीकडं जायचं होतं. नंतर वेळ मिळाला नाही, की त्यांनी काढला नाही. गावोगावी ती ‘कोडाची गाडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. बाई हसून सोडून द्यायच्या. मी मात्र ती समोरून येताना दिसली की गल्लीत वळायचो.

चाचांचं जे झालं ते असं हसून सोडण्यासारखं नव्हतं. माझ्या दोस्तांनी शेडमध्ये सांगितलं, शेडमधून बाजारात गेलं. ‘चाचांचा हात गेला.’ टांगेवाले आधी वाट बघू म्हणाले, मग कामं दुसऱ्याकडं गेली. एका दुकानाची पाटी त्यांनी अर्धी रंगवलेली होती, ती मालकानं परत नेली. हे सगळं मी ऐकत होतो. एकदा चहाच्या दुकानात कुणीतरी माझ्यासमोरच म्हणालं, “ह्यो व्हता की तितं, ह्येला इचारा.” मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. पण बघणाऱ्यांना ‘हो’ वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात चाचा घर बंद करून तळेगावला लेकीकडं राहायला गेले.

वर्ष उलटलं. माझी बायको गावी होती, पहिलटकरीण. दोन दिवस कळा येऊन पोर अडलं. मी सकाळच्या आगगाडीनं लोणावळ्याला येऊन बाईंना घेऊन गेलो. त्याच कोडाच्या गाडीतून. करवंदी आणि पांढऱ्या बॉनेटकडं बघत मी सगळी वाट पुढं बसून होतो. टाकव्याच्या पुढं रस्ता गाडीजोगा नव्हता. बाईंनी पदर खोचला, मी औषधांची पेटी घेतली, आणि आम्ही बांधाबांधानं दीड तास चाललो. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बाई अंगणात हात धूत होत्या. मी पाणी घालत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, “बाई, गाडीचा रंग चाचांनी नाही बिघडवला. यंत्र मी चुकीचं निवडलं. टाकीत पाणी होतं. त्यांचा हात चांगला होता.”

बाई हात धूतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मी डॉक्टर आहे. हात थरथरत नव्हता ते मला तेव्हाच दिसलं होतं.”

मी तांब्या खाली ठेवला.

“तुझे मित्र उभे होते. तुझी फजिती होईल म्हणून मी गप्प बसले,” त्या म्हणाल्या. “तू खोटं बोललास आणि मी ऐकून घेतलं. नंतर दोनदा निरोप पाठवला मी त्यांना. आले नाहीत. का येतील? माझं मी बघेन. तू तुझं बघ. आणि मला सांगून काय होणार? त्यांना सांग. ज्यांच्यासमोर बोललास त्यांनाही सांग.”

तळेगावला मी पुढच्या आठवड्यात गेलो. चाचा लेकीच्या ओट्यावर बसून पत्र्याच्या ट्रंकेवर फुलं काढत होते. लग्नाच्या ट्रंका असतात त्या. मी समोर बसलो, सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पाकळी आधी पुरी केली. एका ओढीत, बारीक सुरू होऊन मध्ये भरून परत बारीक.

“म्हाईत हाय मला,” म्हणाले. “मुंबईला मोटारींच्या कारखान्यात तीन पावसाळे बंदूक चालवली मी. वल्या हवेत रंग पांढरा पडतो, ते तितंच शिकलो.”

“मग बोलला का न्हाई?”

“दुकानात बोललो की. तू ऐकलं न्हाईस.”

“बाईंम्होरं का न्हाई बोलला?”

“काय बोलायचं? माजा हात थरथरत न्हाई म्हनायचं? आन् मग काय, हात म्होरं करून समद्यांस्नी दाखवायचा?”

लेकीनं चहा आणला. चाचांनी कप माझ्याकडं सरकवला. मी म्हणालो, “परत चला लोणावळ्याला. मी समद्यांस्नी सांगतो.”

“सांग,” ते म्हणाले. “पन मी न्हाई येत. तितं आता लोक आदी माज्या हाताकडं बगत्यात, मग कामाकडं. तसं कुनी बगाय लागलं, की हात खराच थरथरतो बग.” त्यांनी कुंचला रंगात बुडवला. “आलास ते बरं केलंस. च्या पी.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

राहिली शेडमधली गोष्ट. तिथं सांगायचं मी आठ दिवस टाळलं. रोज डबा खायच्या सुट्टीत ठरवायचो आणि रोज भोंगा व्हायचा. शेवटी एकदा सगळे बसलेले असताना सांगितलं. पण कसं? हसत हसत. “काय गंमत झाली म्हाईत हाय का? त्या यंत्रात वाटीभर पानी निघालं! आन् म्या बिचाऱ्या चाचांवर ढकललं!” सगळे हसले. एकानं पाठीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, “मंजी म्हातारा खरा व्हता की रं!” आणि बोलणं दुसरीकडं गेलं. गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट कोण बाजारात नेऊन पोचवणार? ‘चाचांचा हात गेला’ हे जसं दारोदार गेलं, तसं हे गेलं नाही. पुढं कितीतरी दिवसांनी एक टांगेवाला मला म्हणाला, “चाचा असायला पायजे व्हते, पन हात गेला त्यांचा.” मी तेव्हा तरी त्याला थांबवून सांगावं की नाही? माझी ड्यूटी होती, उशीर होत होता, मी पुढं गेलो.

बाई मात्र तळेगावला जाऊन आल्या होत्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. युद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा त्यांनी गाडी विकली आणि खेड्यांत टांग्यानं जाऊ लागल्या. एकदा टांग्यात चढता चढता त्यांनी मला विचारलं, “काय रे, शेडमध्ये सांगितलंस सगळ्यांना?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. कसं सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.